पाळी गेल्याने गोळ्या सुटत नाहीत

पंचेचाळिशीच्या आसपास ज्या मधुमेही स्त्रियांची आटोक्यात असलेली साखर अचानक हाताबाहेर जाऊ लागते, त्यांच्यापुढे एक युक्तिवाद हमखास मांडला जातो. ही वाढ पाळी जाण्याच्या काळातील संप्रेरकांमुळे आहे, तो काळ सरला की साखर आपोआप ठिकाणावर येईल, आणि एकदा अंगवळणी पडलेली गोळी आयुष्यभर सुटत नसल्याने तोवर ती बंद ठेवून पथ्यावर भागवावे, असा तो युक्तिवाद आहे. त्यात तीन विधाने एकमेकांत गुंफलेली असून पहिल्यात थोडे तथ्य असल्यामुळे उरलेली दोनही खरी वाटू लागतात. म्हणून त्यांची तपासणी वेगवेगळी केली पाहिजे.

सलग बारा महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांत ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते, आणि त्याआधीच्या काही वर्षांच्या संक्रमणकाळात बीजांडकोशांतून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी सतत वरखाली होत राहते. रक्तातील साखर पेशींत पोहोचवणाऱ्या इन्सुलिनला स्नायू आणि यकृत नीट दाद देतात, यात इस्ट्रोजेनचा वाटा असतो. त्यामुळे या काळात साखर हेलकावे खाते, हे शरीरशास्त्राला धरूनच आहे. परंतु हेलकावे थांबतात तेव्हा इस्ट्रोजेन पूर्वीच्या पातळीवर परत येत नाही, ते कायमचे खाली स्थिरावते. चरबी पोटात, अवयवांभोवती साठू लागते, स्नायू घटतात, रात्रीच्या घामाने झोप मोडते, आणि या तिन्ही गोष्टी इन्सुलिनचा प्रभाव आणखी कमी करतात. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही संप्रेरके दिलेल्या स्त्रियांत मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी कमी आढळले. स्तनांचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढल्याने अभ्यासाचा तो भाग २००२ मध्ये थांबवावा लागला, त्यामुळे केवळ साखरेसाठी हा उपचार सुचवला जात नाही; तरी पाळी गेल्यावर साखर आपोआप सुधारते या समजुतीच्या हा निष्कर्ष नेमका विरुद्ध जातो.

‘गोळी सुटत नाही’ हे दुसरे विधान कार्यकारणभाव उलटा लावते. ब्रिटनमधील ‘यूकेपीडीएस’ या दीर्घ अभ्यासाने दाखवले की, आहार, गोळ्या वा इन्सुलिन यांपैकी कोणताही उपचार चालू असला तरी इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातील बीटा पेशींची क्षमता वर्षागणिक घटत जाते. म्हणजे औषध वाढवावे लागते ते आजार पुढे सरकतो म्हणून; गोळीची सवय जडते म्हणून नव्हे. शिवाय गोळी सुटू शकते, हेही सिद्ध झालेले आहे. स्कॉटलंड आणि टाइनसाइड येथील ‘डायरेक्ट’ या चाचणीत निदान होऊन सहा वर्षे न उलटलेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांची मधुमेहाची औषधे पहिल्याच दिवशी बंद करून त्यांना काही महिने दिवसाला साधारण साडेआठशे उष्मांकांचा आहार दिला गेला, आणि वर्षाअखेर त्यांपैकी ४६ टक्के रुग्णांची साखर औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. गोळ्या सोडण्याच्या समर्थनार्थ हा आधार अनेकदा दिला जातो, पण त्यातील वजनाची मोठी घट, निदानानंतरचा अल्प काळ आणि सततची वैद्यकीय देखरेख या तिन्ही अटी सोयीस्करपणे गाळल्या जातात.

तिसरे विधान, म्हणजे मधली काही वर्षे औषध नसले तरी बिघडत नाही हे, सर्वांत घातक आहे. ‘यूकेपीडीएस’मधील रुग्णांचा पाठपुरावा चाचणी संपल्यावर आणखी दहा वर्षे करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले, आणि सुरुवातीच्या काळात साखर काटेकोरपणे सांभाळलेल्यांना, त्यांच्या आणि इतर रुग्णांच्या साखरेतील फरक पुसला गेल्यानंतरही, हृदयविकाराचा झटका आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार कमी होत असल्याचे दिसले. वाया घालवलेल्या वर्षांची भरपाई नंतरच्या औषधाने होत नाही. त्यातही मधुमेहाने स्त्रीचे हृदयविकारापासूनचे नैसर्गिक संरक्षण बरेचसे आधीच हिरावलेले असते, आणि रजोनिवृत्तीत ते आणखी क्षीण होते.

खंडन येथे संपले असते, पण बहुतेक स्त्रिया गोळी सोडतात त्या असल्या युक्तिवादामुळे नव्हे, तर अंगाला येणाऱ्या अनुभवामुळे, आणि त्या अनुभवाला थट्टेवारी नेणे हा अन्याय आहे. अचानक अंगातून गरम वाफा निघणे, घाम फुटणे, छातीत धडधडणे ही रजोनिवृत्तीची लक्षणे साखर उतरल्याच्या लक्षणांशी इतकी मिळतीजुळती असतात की, ‘गोळीने साखर उतरते’ असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः एकट्या मेटफॉर्मिन या गोळीने साखर धोकादायक रीतीने क्वचितच उतरते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने मात्र उतरू शकते. म्हणून त्या क्षणी ग्लुकोमीटरवर साखर पाहणे हाच निर्णायक पुरावा ठरतो, आणि ती ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर डोस कमी करण्याची मागणी रास्त असते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणीही या वयात चकवा देते. पाळीत अतिरक्तस्राव झाल्यावर रक्तात नव्या तांबड्या पेशी वाढतात आणि आकडा खऱ्याहून कमी येतो, तर लोहाच्या कमतरतेत तो खऱ्याहून जास्त येऊ शकतो. त्यामुळे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर न पाहता केवळ या आकड्यावरून गोळी सोडणे किंवा वाढवणे, दोन्ही चूक आहे. शेवटची पाळी कधी आली आणि रक्तस्राव किती होतो, हे न विचारताच औषध लिहून देणारे डॉक्टरही या गोंधळाचे वाटेकरी आहेत.

अनेकदा खरा प्रश्न औषध सोडण्याचा नसून बदलण्याचा असतो. पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधाने स्त्रियांत हाडे मोडण्याचे प्रमाण वाढते, म्हणून हाडे ठिसूळ होण्याच्या या वयात त्याचा फेरविचार व्हावा. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या औषधाने योनिमार्गात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि तो वारंवार होत असल्यास त्रास सोसून गप्प राहण्यापेक्षा दुसरे औषध मागावे. वजन लक्षणीय घटले असेल आणि साखर सातत्याने चांगली राहत असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस टप्प्याटप्प्याने कमी करून औषध बंदही करता येते. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने ठरवलेल्या निकषानुसार, औषध थांबवल्यावर किमान तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.५ टक्क्यांखाली असेल तरच आजार शमला असे म्हणता येते, आणि त्यानंतरही निदान वर्षातून एकदा ही तपासणी, तसेच डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांची पाहणी चालू ठेवावी लागते.