यंत्राची कुंडली

‘कोणते ई-रीडर घ्यावे?’ असे विचारले की जाणकार मंडळी लगेच यंत्राची कुंडली मांडतात. साठा किती, बॅटरी किती आठवडे चालते, पाण्यात टिकते की नाही! पण घेणारा वाचतो काय, हे कोणी विचारीत नाही. पायाचे माप न घेता वहाणा विकण्याचा हा प्रकार आहे.

किंडल भारतात आले २०१२ साली. मराठीला तेथे रीतसर पाट मांडला गेला तो २०१६च्या डिसेंबरात. ई-शाईची ती पाटी कादंबरी सलग वाचणाऱ्याला उत्तमच. कोकणच्या पावसाळ्यात वीज गेली तरी तिचे अडत नाही. परंतु जुन्या ग्रंथांच्या छायाप्रती सहा इंची पडद्यावर मुंग्यांच्या रांगा होतात. दिवाळी अंकातील रंगीत चित्रे काळ्या-पांढऱ्या शाईत विझून जातात. बुकगंगाची ई-पुस्तके तर तिच्याच ॲपमध्ये वाचायची. अशा वाचकाला दहा इंची टॅबच बरा.

आणि मालकीचे काय? २००९ साली ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या काही प्रती कंपनीने गिऱ्हाइकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या. पैसे परत दिले, हे खरे. पण घरात शिरून पुस्तक नेणाऱ्याला आपण काय म्हणतो? रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८पासून पुस्तके हातोहात फिरवीत आले आहे. तो शेजारधर्म या यंत्रांना ठाऊक नाही.

म्हणून वाचकहो, आधी गेल्या वर्षी वाचलेल्या दहा पुस्तकांची नावे कागदावर लिहा, आणि मगच दुकानाची पायरी चढा. यादीच यंत्र निवडील. दहा नावे आठवलीच नाहीत, तर पैसे राखून ठेवा आणि वाचनालयाची वर्गणी भरा.