भाडोत्री मैत्रीचा हिशेब

परराष्ट्रनीती हा दिल्लीतील विद्वानांचा विषय, विरार पूर्वेच्या फुलपाड्यातून रोज चर्चगेटची लोकल गाठणाऱ्या नोकरदाराचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न विचारला जातो. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी याच पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत ११ मिनिटांत ७ स्फोट झाले. घरी परतणारी १८० हून अधिक माणसे घरी पोहोचलीच नाहीत. त्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरविले, उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये त्यांची मुक्तता केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. तो निवाडा न्यायालय करील. परंतु २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याविषयी अशी संदिग्धता उरलेली नाही. मारेकरी कराचीहून समुद्रमार्गे आले, १६६ जणांचे बळी गेले आणि त्यांत ६ अमेरिकी नागरिकही होते. स्वतःच्या नागरिकांचे रक्त सांडूनही अमेरिकेने पाकिस्तानचा हात का सोडला नाही, हा प्रश्न म्हणूनच फुलपाड्याचाही आहे.

अमेरिका भोळी आहे, पाकिस्तान तिला वारंवार फसवितो, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. १९५४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानशी लष्करी साहाय्याचा करार केला. ही शस्त्रे भारतावर चालविली जाणार नाहीत, असे आश्वासन अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी पंडित नेहरूंना दिले होते. १९६५ मध्ये तेच पॅटन रणगाडे खेमकरणवर चालून आले. असल उत्तरला अब्दुल हमीद यांनी आणि सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर यांनी प्राण देऊन ते आश्वासन किती पोकळ होते हे सिद्ध केले. त्या वेळी वॉशिंग्टनने काय केले? दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबविला. आक्रमक आणि आक्रमित एकाच तागडीत!

अण्वस्त्रांचे प्रकरण याहून बोलके आहे. चोरट्या युरेनियम समृद्धीकरणावरून एप्रिल १९७९ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानची मदत तोडली. डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या आणि १९८१ मध्ये त्याच पाकिस्तानला ३२० कोटी डॉलर व ४० एफ-१६ विमाने देऊ केली गेली. पाकिस्तानपाशी अणुबॉम्ब नाही, असे अध्यक्षांनी दरवर्षी प्रमाणित करावे, असा दंडक १९८५ च्या प्रेसलर दुरुस्तीने घातला. सोव्हिएत फौजा फेब्रुवारी १९८९ मध्ये परतल्या आणि ऑक्टोबर १९९० मध्ये अमेरिकेला एकाएकी हे प्रमाणपत्र देणे अशक्य वाटू लागले. बॉम्ब त्या एका वर्षात तयार झाला नव्हता. गरज संपली होती, इतकेच. पुढे फेब्रुवारी २००४ मध्ये ए. क्यू. खान यांनी अणुतंत्रज्ञान विकल्याची कबुली दूरचित्रवाणीवर दिली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेने पाकिस्तानला 'नाटोबाहेरील प्रमुख मित्रदेश' ही पदवी बहाल केली. जगातील सर्वांत मोठ्या अणुचोरीची शिक्षा ही!

या धोरणाचे समर्थक एक युक्तिवाद हमखास करतात. पाकिस्तान कोसळला, तर अण्वस्त्रे जिहादींच्या हाती पडतील, म्हणून तेथील लष्कराला सांभाळून घेणे भाग आहे. ही भीती खोटी नाही. निष्कर्ष मात्र उलटा आहे. पाकिस्तानच्या एकाही पंतप्रधानाला पाच वर्षांची मुदत आजवर पूर्ण करता आलेली नाही. ती अस्थिरता ज्या लष्कराने निर्माण केली, तेच स्थैर्याचे एकमेव रखवालदार म्हणून पुढे येते आणि रखवालीचा मोबदला मागते. आग आटोक्यात ठेवण्यासाठी ज्याला पैसे मिळतात, तो आग कशाला विझवील? ओसामा बिन लादेन मे २०११ मध्ये अबोटाबादला लष्करी अकादमीच्या शेजारी सापडला, तेव्हाच या मोबदल्याचे फळ जगाने पाहिले.

अध्यक्ष ट्रम्प यांनी १ जानेवारी २०१८ रोजी पाकिस्तानवर तोफ डागली. ३,३०० कोटी डॉलरांच्या बदल्यात अमेरिकेला केवळ खोटेपणा व फसवणूक मिळाली, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. आपल्याकडे तेव्हा आनंदाला उधाण आले. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ निरपराधांची हत्या झाली, त्यांत महाराष्ट्रातील ६ जण होते. ऑपरेशन सिंदूर सुरू असतानाच, ९ मे रोजी, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने पाकिस्तानला सुमारे १०० कोटी डॉलरचा हप्ता मंजूर केला आणि १८ जून रोजी त्याच ट्रम्प यांनी पाकिस्तानी लष्करप्रमुख असीम मुनीर यांना व्हाइट हाऊसमध्ये भोजनास बोलाविले. ज्यांना २०१८ मध्ये हर्ष झाला, त्यांनाच २०२५ मध्ये धक्का बसला. दोन्ही भावना सारख्याच अनाठायी होत्या.

अमेरिकेने काहीच केले नाही, असे म्हणणेही न्यायाचे होणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये तहव्वूर राणा भारताच्या हवाली झाला, जुलैत 'द रेझिस्टन्स फ्रंट' दहशतवादी संघटना ठरली. पदरात पडते ते अवश्य घ्यावे. पण २६/११ ची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली २०१० च्या कबुलीकरारामुळे भारताच्या हाती आला नाही, हेही विसरू नये. अमेरिका स्वतःचे हित पाहते. त्यात तिचा दोष नाही. आपले हित ती पाहील ही अपेक्षा मात्र आपला दोष आहे.

फुलपाडा ज्या वसई तालुक्यात आहे, त्या वसईने यासंबंधीचे दोन धडे इतिहासात लिहून ठेवले आहेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला स्वबळावर जिंकून उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता संपविली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. फौजेच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि इंग्रजांना विचारल्यावाचून इतरांशी व्यवहार न करण्याची अट मान्य केली. सोळा वर्षांत पेशवाई बुडाली. पाकिस्तानच्या सेनापतींनी १९५४ पासून दुसऱ्या बाजीरावाचा मार्ग धरला आहे. भारताने तो कोणत्याही रूपात धरता कामा नये. व्यापार करावा, शस्त्रेही घ्यावीत, परंतु सीमेपलीकडच्या शत्रूला आवरण्याचे काम कोणा तिसऱ्यावर सोपवू नये. लोकलमधून सुखरूप घरी परतण्याची हमी फुलपाड्याच्या माणसाला वॉशिंग्टन देणार नाही. ती दिल्लीनेच दिली पाहिजे आणि समाजाने दिल्लीकडूनच ती मागितली पाहिजे.