खडी त्यांची, गाळ गावाचा

७ मे २०२२ रोजी डोंबिवलीजवळच्या संदप गावी पाण्याने भरलेल्या खदाणीत एकाच कुटुंबातील पाच जण बुडाले. दोन स्त्रिया आणि तीन मुले. ही माणसे तेथे सहलीस गेली नव्हती. गावात पाण्याची टंचाई होती म्हणून कपडे धुण्यास गेली होती. एक पोर पाण्यात गेले, त्याला काढण्यास बाकीची धावली. अशा वेळी ‘दुर्दैवी घटना’ हा शब्द दरबारी तयारच असतो. खदाण मात्र दैवाने खणलेली नसते.

जेथे चार महिन्यांत सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, उल्हास नदी उशाशी वाहते, तेथे मे महिन्यात घरच्या बाईने खदाणीच्या काठी का जावे? १९८३ साली महापालिकेत घेतलेली, २००२ साली वगळलेली आणि २०१५ साली पुन्हा आत ओढलेली ती सत्तावीस गावे हा प्रश्न विचारून थकली आहेत. डोंगर फोडून नेणाऱ्यांना मात्र हद्दीच्या या घोळाने कधी अडवले नाही.

मुंब्रा, शीळ या पट्ट्यात दगडखाणींनी कापलेले काळे कडे वाटसरूला आजही दिसतात. (कायद्याच्या भाषेत हा दगड ‘गौण खनिज’ होय! ज्यावर अख्खी डोंबिवली उभी आहे त्याला गौण म्हणण्याचा विनोद कायदाच करू जाणे.) डोंगरावरची माती व झाडोरा सोलून काढला की पाऊस जिरेनासा होतो, वाहू लागतो. हिशेब अवघड नाही. एक हेक्टर उघड्या खाणीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. हे पाणी क्रशरची भुकटी, मुरूम आणि माती घेऊन खाली उतरते; नाले तुंबवते, भातखाचरावर कच पसरते, उरलेला गाळ खाडीत नेऊन टाकते. त्याच ठाणे खाडीला २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर केले गेले आणि २०२२ साली रामसरच्या यादीत बसवले गेले. पक्ष्यांचा सत्कार झाला. गाळाची वाट कोणी अडवली नाही.

यावरचा उपाय कोणत्याही खाण अभियंत्याला पाठ असतो. खाणीच्या माथ्यावरून चर काढून डोंगराचे स्वच्छ पाणी बाजूने वळवायचे, म्हणजे ते खाणीत शिरतच नाही. खाणीतले गढूळ पाणी उतारावरच्या तळ्यात घ्यायचे आणि त्याचा वेग मोडायचा. वाळूचा कण क्षणात तळाशी जातो, बारीक गाळाला तास लागतात, चिकणमातीला दिवस. म्हणून तळे ऐसपैस हवे, एकापुढे एक दोन-तीन कप्प्यांचे हवे, सांडवा दगडाने बांधलेला हवा, आणि पावसाळ्यापूर्वी ते उपसलेले हवे. गाळाने भरलेले तळे म्हणजे नुसती वाट. पाणी आले तसे निघून जाते. यात अवघड विद्या कसली? खर्च मात्र आहे, आणि सारी मेख तेथेच आहे.

२००६ च्या अधिसूचनेने पाच हेक्टरांखालील खाणींना पर्यावरण परवानगीतून मोकळे ठेवले होते. मग पट्ट्यांचे तुकडे पडू लागले तर नवल ते काय? २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपककुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली. तेव्हापासून छोट्या खाणींच्या परवान्यांवरही चर आणि तळी अवतरली. पण कागदावरच्या तळ्यात गाळ बसत नाही. सहामाही अहवाल लिहायचा मालकाने आणि फाइलला लावायचा कचेरीने, एवढ्यात देखरेख संपत असेल तर जुलैच्या पहिल्या सरीत त्या फाइलचा उपयोग काय?

‘खडी नको तर घरे कशी बांधणार?’ असे मालक विचारतात. खडी हवीच आहे. पण ती ज्या भावाने विकली जाते त्यात चर नाही, तळे नाही, कुंपण नाही. तो खर्च महापालिकेची नालेसफाई भरते, शेतकऱ्याचे खाचर भरते. नफा खाजगी आणि गाळ सार्वजनिक, अशी ही समाजवादाची उफराटी आवृत्ती आहे! गोव्यात डिचोली-सत्तरीच्या शेतांवर खाणींचा गाळ वर्षानुवर्षे उतरला, तेथेही हिशेब हाच होता. आणि फोडणारे हात? पिढ्यानपिढ्या दगड फोडणाऱ्या वडार कुटुंबांच्या फुप्फुसांत त्याच भुकटीचा वाटा जातो.

प्रत्येक खाणपट्ट्याचा चर आणि तळ्याचा नकाशा गावच्या चावडीवर लावावा. मे अखेर तळे उपसल्याची पाहणी तहसीलदाराने गावकऱ्यांसमक्ष करावी; न उपसल्यास १ जूनपासून वाहतूक परवाना थांबावा. खाण सोडताना काठ उतरते करावेत, कुंपण घालावे आणि साठलेले पाणी तपासून, नळाने, वस्तीपर्यंत आणून द्यावे. तोवर मालकाची अनामत त्याला परत मिळू नये, आणि परतीच्या कागदावर पहिली सही त्या काठाशी धुणे धुणाऱ्या बायांची असावी.