रिकामी गोदामे कोणासाठी?

गावाची ओळख त्याच्या वेशीवरून होते तितकीच त्याच्या गोदामांवरूनही होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. गावात काय पिकते, ते कोण विकत घेते आणि ते कोणत्या वाटेने बाहेर जाते, हे सारे गोदाम सांगते. आपल्या बीड जिल्ह्यात माजलगाव, गेवराई, धारूर, परळी ही कापसाची गावे. सरकी वेगळी करणारे जिन, रुई दाबून गाठी बांधणारे प्रेस आणि त्यालगत गाठी साठविण्याची लांबच लांब गोदामे, अशी आवारे या गावांच्या अंगाखांद्यावर वाढली. आज यांपैकी अनेक जुन्या आवारांच्या दारांना कुलपे आहेत. या रिकाम्या वास्तूंचे पुढे काय करायचे, हा प्रश्न फक्त मालकाचा आणि दलालाचा नाही. तो आपला, विद्यार्थ्यांचाही आहे, असे मला वाटते.

ही गोदामे ओस का पडली, ते प्रथम पाहू. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. सरकार कापूस घेणार, सरकारच तो पिंजून-दाबून विकणार, अशी ती व्यवस्था होती. त्या काळात गावातल्या आवारांना हंगामभर उसंत नसे. २००२ च्या सुमारास खाजगी व्यापाऱ्यांना खरेदी खुली झाली आणि एकाधिकार संपला. त्याआधी, २००० साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान मोहीम हाती घेऊन जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला हातभार लावला होता. नवे कारखाने हमरस्त्यालगत उघड्या माळावर उभे राहिले, कारण मोठ्या मालमोटारी गावाच्या बोळांत शिरू शकत नाहीत. गावातले गोदाम मागे राहिले. जागा मात्र ऐन बाजारात, आणि तिची किंमत चढती!

त्यातच आता रेल्वे आली आहे. परळीला गाडी निजामाच्या राजवटीपासून येते. बीड शहराने मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर गाडी सुरू झाली. रेल्वे आली की जागेचे भाव वाढतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. म्हणजे आज ज्या गोदामाकडे कोणी ढुंकून पाहत नाही, तेथे उद्या व्यापारी संकुल, मंगल कार्यालय किंवा सदनिका उभ्या राहतील. जुन्या वास्तूला नवे काम मिळावे, याला माझा विरोध नाही. पडून राहण्यापेक्षा ते शतपटीने बरे. पण नवे काम कोणते, हे केवळ भाड्याच्या आकड्याने ठरावे काय?

या बाबतीत मुंबईच्या गिरणगावाचा धडा आपल्यापुढे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत असे ठरले, की गिरणीच्या जमिनीचा विकास करताना साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळावा. कल्पना चांगली होती. परंतु २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी गिरणीच्या आवारात आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. इमारतींखालची जमीन त्यातून सुटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरविला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला; गावाच्या दृष्टीने मिटला काय? लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी झगमगती बाजारपेठ उभी राहिली. ज्यांनी तेथे साचे चालविले, त्यांच्यापैकी किती जणांना तेथे गिऱ्हाईक म्हणून जाणे परवडले असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

मुंबईचा दुसरा धडा अधिक दुःखद आहे. कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ माणसे मृत्युमुखी पडली. जुन्या आवारात नवा व्यवसाय थाटताना बाहेर पडण्याच्या वाटा आधी मोजाव्यात, हे त्या आगीने शिकविले.

चांगले उदाहरणही आपल्याच देशात आहे. केरळमधील फोर्ट कोची येथे अ‍ॅस्पिनवॉल नावाच्या जुन्या व्यापारी कंपनीची समुद्रकाठची वखार आहे. २०१२ पासून कोची-मुझिरिस बिएनाले हे कलाप्रदर्शन प्रामुख्याने तेथे भरत आले आहे. भिंती जुन्याच ठेवून आतले काम बदलले आणि सामान्य माणसासाठी दारही उघडले.

मग आपल्या जिल्ह्यात काय व्हावे? कलाप्रदर्शन झाले तर आनंदच आहे, पण आपली पहिली निकड वेगळी आहे. दसरा-दिवाळी उलटली की आपल्या गावांतून ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडे निघतात. पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांवर ती उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत राहतात. मुले बरोबर गेली तर शाळा बुडते आणि मागे राहिली तर म्हाताऱ्या आजीवर भार पडतो. या मुलांसाठी २०२१ साली राज्य सरकारने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. राज्यातील ४१ तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे आणि प्रत्येकात १०० जणांची सोय, असे तिचे स्वरूप होते. वसतिगृहे प्रथम भाड्याच्या इमारतींत सुरू करावयाची होती. शंभर मुले राहू शकतील अशी इमारत तालुक्याच्या गावी भाड्याने मिळणे किती अवघड असते, हे खोली शोधत हिंडलेल्या विद्यार्थ्याला सांगायला नको! आणि त्याच गावात शेकडो गाठी सहज मावतील अशी वास्तू कुलूपबंद असते. या दोन गोष्टींची गाठ कोणीतरी घालून दिली पाहिजे.

गोदामात माणसांनी राहायचे, ही कल्पना ऐकायला विचित्र वाटेल. पण त्या वास्तूचे गुणदोष नीट पाहावेत. बैलगाडीतून माल सरळ आत घेता यावा म्हणून जोते उंच असते. त्यामुळे पावसाचे पाणी शिरत नाही. गाठींच्या थप्प्यांचा भार सोसण्यासाठी जमीन पक्की केलेली असते. भिंती जाड आणि छप्पर उंच असल्याने मराठवाड्याचा उन्हाळा थोडा सुसह्य होतो. दोषही तितकेच खरे आहेत. पाऊस, उंदीर आणि चोर यांना वाट मिळू नये म्हणून खिडक्या नसतात, झरोके तेवढे वर असतात. दार बहुधा एकाच बाजूला असते. संडास-न्हाणीघर नसते. पत्र्याखाली छत नसते. तेव्हा खिडक्या पाडणे, विरुद्ध बाजूला दुसरे दार काढणे, पाण्याची व संडासाची सोय करणे, पत्र्याखाली छत घालणे, ही कामे आधी झाली पाहिजेत. धान्याच्या गोदामात किडीसाठी वर्षानुवर्षे औषधे फवारलेली असतात. तेथला जुना गिलावा खरवडून नवा करावा. सिमेंटचे जुने पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असतील तर ते फोडू किंवा कापू नयेत, कारण त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते. जाणत्या अभियंत्याने पायापासून कैच्यांपर्यंत सारे तपासून दाखला दिल्याशिवाय एकही मूल आत निजू नये.

कोणी म्हणेल, गोदाम खाजगी मालकीचे असेल तर मालकाने धर्मादाय का करावा? त्याने करू नयेच. सरकार भाडे देणार आहे. त्याला ठरलेले भाडे वेळेवर मिळावे एवढीच अपेक्षा. नगरपालिकेने अशा मालकाला घरपट्टीत काही सवलत दिली तर सोन्याहून पिवळे. परंतु सगळी गोदामे खाजगी नाहीत. १९६३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सहकार विकास निगमासारख्या संस्थांच्या पैशातून सहकारी गोदामे बांधली गेली. बाजार समित्यांची आहेत, खरेदी-विक्री संघांची आहेत. त्यांत शेतकऱ्याचा भाग आणि जनतेचा पैसा आहे. ती परस्पर दुकानगाळ्यांसाठी देण्यापूर्वी गावाला विचारलेच पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेतकऱ्याला माल ठेवायला जागा नाही, तेव्हा गोदाम गोदामच राहू द्या, असे काही जण म्हणतील. ते बरोबरच आहे. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते आणि भाव पडलेला असताना माल विकण्याची पाळी टळते. तेव्हा जे गोदाम सुस्थितीत आहे आणि जेथे मालगाडी पोहोचू शकते, त्यावर पहिला हक्क शेतमालाचा. ज्यात आता माल येणे शक्य नाही, त्यावर दुसरा हक्क शिकणाऱ्या मुलांचा. दुकाने आणि सदनिका त्यानंतर. हा क्रम मान्य झाला तर गावोगावच्या पुष्कळ तंट्यांचा निकाल लागेल.

आपण यात काय करू शकतो? राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी होते. रस्ते झाडणे आणि झाडे लावणे ही कामे चांगलीच आहेत. पण एका वर्षी आपल्या तालुक्यातील बंद गोदामांची यादी करू या. मालकी कोणाची, लांबी-रुंदी किती, छप्पर कशाचे, पाणी जवळ आहे काय, किती वर्षे बंद आहे, एवढे लिहून काढायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ती यादी तहसीलदार, नगरपालिका आणि समाजकल्याण खात्याकडे प्राचार्यांच्या सहीने पाठवावी. आपल्याच वर्गात अशी मुले-मुली आहेत, ज्यांचे आईवडील या क्षणी कोणत्यातरी फडात मोळ्या बांधत असतील. त्यांच्या धाकट्या भावंडांना पुढच्या हंगामात गावातच निजायला जागा मिळावी, यासाठी ही यादी लागणार आहे. ती पुढच्या दसऱ्याच्या आत तयार व्हावी.