बाळसं नव्हे हे
आपल्याकडे गुटगुटीत पोराची दृष्ट काढतात. रक्त कोणी तपासत नाही. परवा शेजारच्या ११ वर्षांच्या मुलाच्या मानेवर काळपट, मखमली पट्टा दिसला. आजी म्हणाली, मळ आहे, घासते जरा. घासून जाणार नाही तो. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झाल्याची ती खूण असू शकते. अशा मुलांच्या यकृतात चरबी साठते (दारूचा थेंबही न शिवता!) आणि दुखत काहीच नाही. तेच यकृत रक्तात ट्रायग्लिसराइड सोडत राहतं, जोडीला रक्तदाब चढतो, पुढे हृदयाला धोका. २०२३ साली यकृतातल्या चरबीच्या या आजाराचं नाव बदललं, मधल्या सुट्टीतला डबा नाही. डब्यासोबतच्या ३०० मिलीलिटर कोलात ३० ग्रॅमांच्या वर साखर असते. मुलाच्या कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला, तर बालरोगतज्ज्ञांना विचारून एसजीपीटी ही यकृताची रक्तचाचणी करून घ्या.