जागा नाही

मी ३२ वर्षे मास्तरकी केली; त्यांतली शेवटची ८ मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर. त्या खुर्चीने मला जी वाक्ये शिकविली त्यांत सर्वांत सोयीचे वाक्य होते, 'जागा नाही.' ते सर्वस्वी खोटे नव्हते, म्हणूनच अधिक लबाड होते.

२०१८ च्या जूनमध्ये एक बाई आपल्या ६ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या पायांत कॅलिपर, बोलणे अडखळत. डोळे मात्र विलक्षण चौकस. माझ्या टेबलावरची पितळी घंटा तिने आधी न्याहाळली, मग वाजविली. मी म्हणालो, "ताई, पहिलीचे वर्ग भरले. शिवाय जिल्ह्याच्या गावी हिच्यासाठी खास शाळा आहे, वसतिगृह आहे." बाई म्हणाल्या, "सर, हिचा भाऊ इथंच तिसरीला आहे. हिचं बोलणं त्याच्याशिवाय कुणाला कळत नाही हो." मी मान हलविली. त्याच आठवड्यात एका पुढाऱ्याच्या नातवासाठी वर्गात एक बाक वाढला!

तेव्हा या लेखात मी दगड भिरकावला, तर पहिला माझ्याच कपाळावर बसेल, हे मला ठाऊक आहे.

कायद्याची उणीव म्हणावी, तर तीही नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मुले त्यातील वंचित गटात आली. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर सांगतो, की किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. 'अपंग'चे आपण 'दिव्यांग' केले. शब्द उंचावला, शाळेचा उंबरठा मात्र होता तेवढाच उंच राहिला.

मग अडते कुठे? माझ्या मते, मोजणीत. शाळेची संचमान्यता पटावर ठरते. जे मूल पटावर नाही ते मोजले जात नाही. मोजले नाही म्हणून त्याच्यासाठी शिक्षक नाही. शिक्षक नाही म्हणून त्याला प्रवेश नाही. आणि प्रवेश नाही म्हणून ते पटावर नाही! या रहाटगाडग्याला आपण नियोजन म्हणतो.

वास्तविक पहिलीत येणारे मूल एका रात्रीत ६ वर्षांचे होत नाही. २०१३ पासूनच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करावयाची आहे. शाळकरी वयाच्या अपंग मुलांची पाहणी दर ५ वर्षांनी करावी, असे २०१६ चाच कायदा बजावतो. सहा वर्षे आधी वर्दी देऊन येणाऱ्या पाहुण्याला दारात उभे करून आपण विचारतो, 'आधी कळवायचे नाही का?'

काही सुज्ञ म्हणतील, 'एका मुलापायी इतर तीसांचे नुकसान का?' नुकसान होते हे खरे. पण ते त्या मुलामुळे नव्हे, वर्गात दुसरा शिक्षक नसल्यामुळे होते. केंद्र सरकारने २०२२ मध्येच अशा मुलांसाठी प्राथमिकला १० मुलांमागे १ आणि उच्च प्राथमिकला १५ मुलांमागे १ विशेष शिक्षक, हे प्रमाण सांगितले आहे.

दुसरे म्हणतील, 'विशेष शाळाच त्यांना बरी.' काहींना ती खरोखरच बरी. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा बोलणारे सवंगडी तिथेच भेटतात. मी त्या शाळांचा शत्रू नव्हे. परंतु ज्या निवडीत एकच दार उघडे असते, तिला निवड म्हणत नाहीत. सहा वर्षांच्या पोरीच्या बाबतीत तिला हद्दपारी म्हणावे.

त्यात आणखी गंमत अशी, की साधी शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आणि विशेष शाळा डिसेंबर २०२२ पासून वेगळ्या झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी बहुधा या मुलांसाठीच करून ठेवली असावी.

माझे मागणे मोठे नाही. दर डिसेंबरात अंगणवाडीतल्या पाच वर्षांच्या अशा मुलांची यादी केंद्रप्रमुखाच्या हाती यावी. प्रत्येक नावापुढे आईबापांशी बोलून शाळेचे नाव लिहिले जावे. शिक्षक पटावर नव्हे, त्या यादीवर मंजूर व्हावा. दोन्ही खात्यांनी यादी एकच ठेवावी. आणि कोणी नाकारलेच, तर कारणासह, सहीनिशी लिहून द्यावे. तोंडी नकाराला जमीनदोस्त करणारा दुसरा उपाय मला दिसत नाही. त्या दिवशी मला लिहावे लागले असते, तर माझा हात थांबला असता. कारण लिहिण्याजोगे कारण माझ्यापाशी नव्हतेच.

त्या मुलीचा भाऊ पुढे सातवी होऊन आमच्याकडून गेला. तो रोज दिसे. त्याच्या बहिणीची चौकशी मी एकदाही केली नाही. जागा वर्गात होती, वाचकहो. नव्हती ती माझ्यापाशी.