आडात असेल तर पोहऱ्यात येईल



एरवी या सदरात आपण बियाणे, खते आणि कीड-रोगांविषयी बोलतो. आज घरातल्या एका पिकाविषयी बोलू. आपल्या धाराशिव जिल्ह्यात कितीतरी शेतकऱ्यांच्या घरी बारावी झालेली मुले-मुली शिक्षक होण्याची तयारी करीत आहेत. अभ्यासक्रमाचे नाव आता डी.एल.एड. झाले, आपण अजून डी.एड.च म्हणतो. दोन वर्षे अभ्यास, मग पात्रता परीक्षा, मग भरतीची वाट. या धावपळीत घरात पुस्तके दिसतात ती गाईडे आणि प्रश्नसंच. उद्याच्या या बाई किंवा गुरुजी आपल्या आवडीने काही वाचतात का, हे कोणी विचारीत नाही.

मागे कळंब तालुक्यात एका गावी सोयाबीनच्या उगवणीचे प्रात्यक्षिक होते. एका शेतकऱ्याची मुलगी दाणे मोजून देत होती. डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. वाचायला काय आवडते म्हणून विचारले, तर म्हणाली, "साहेब, लहानपणी लई वाचायची. आता गोष्टीचं पुस्तक हातात दिसलं की आई म्हणते, अभ्यास सोडून हे काय?" आई शेजारीच होती. ती म्हणाली, "फी भरायला शेळ्या इकल्या, साहेब. नोकरी नाही लागली तर?"

दोघींचेही खरे आहे. शेळ्या विकून फी भरणाऱ्या माउलीला चूक म्हणण्याची माझी छाती नाही. पण एक गोष्ट तिच्याही ध्यानात यावी. नोकरी परीक्षेने लागते, वर्ग मात्र परीक्षेच्या पुस्तकावर चालत नाही. ज्या बाईंना वाचताना स्वतःला कधी हसू आले नाही, डोळ्यांत पाणी आले नाही, त्या मुलांना वाचनाची गोडी कोठून लावणार? आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

सावित्रीबाई फुल्यांचेच पाहा. सातारा जिल्ह्यातल्या नायगावची ही पाटलाघरची मुलगी. जन्म 1831 चा, लग्न 1840 साली. तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हते. जोतिरावांनी त्यांना शिकविले आणि 1848 साली पुण्यातल्या भिडेवाड्यात त्या मुलींना शिकवू लागल्या. पण शिक्षिका झाल्यावर त्यांनी आपली वही मिटली नाही. 1854 साली त्यांचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह छापून निघाला. पुढच्याच वर्षी फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये आला. शिकविणाराच वाचता-लिहिता असला म्हणजे पोरे अशी बोलू लागतात.

आपल्या भागाने तर शिकण्यासाठी झगडा केला आहे. निजामाच्या राज्यात माध्यमिक शिक्षण उर्दूतून होते. अशा काळात, 1921 साली, लोहारा भागातल्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तेथे शिकवीत होते. आज गावात मराठी शाळा आहे. तिच्यातल्या शिक्षकाच्या हाती पुस्तक असावे, एवढेच राहिले आहे.

आता करायचे काय? सोयाबीन पेरण्यापूर्वी आपण ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवतो. सत्तर उगवले तरच बियाणे पेरणीला घेतो. वाचनाचीही तशी चाचणी करता येते. होणाऱ्या शिक्षिकेने रोज अर्धा तास परीक्षेत न येणारे काही वाचावे. गोष्ट असो, चरित्र असो, आवडेल ते. त्यातलेच थोडे धाकट्या भावंडाला मोठ्याने वाचून दाखवावे. मग पुस्तक मिटून त्यालाच गोष्ट सांगायला लावावी. पोराने जांभई दिली तर समजावे की आपले वाचन अजून कच्चे आहे. "पुढं काय झालं?" म्हणून ते मागे लागले, तर बियाणे उगवले.

पुस्तके विकतच घ्यावीत असे नाही. गावात किंवा तालुक्याला सार्वजनिक वाचनालय असते. तेथे नाव घालावे. बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून निघते. त्याचे जुने अंक आता मोबाइलवरही फुकट वाचता येतात.

आणि माउल्यांनो, अभ्यासाचा वेळ कमी करू नका. धुण्या-भांड्यांतला अर्धा तास तेवढा मुलीला सोडून द्या. ती भांडी एक दिवसाआड भावाने घासली, तर त्याचेही काही बिघडणार नाही.